दगड कुणी मारला, ते प्रश्नपत्रिकेत विचारा

मराठी अभ्यास मंडळाच्या सन्माननीय सदस्यांस,

सविनय नमस्कार.

मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात एम.ए.च्या मुलांना मराठी शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे सगळे म्हणतात ते सी.एच.बी. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही, विद्यापीठाचंही नाही. एक तर सांगायचंय ते कुठल्या एका कॉलेजापुरतं नाही. दुसरं कारण, नेमणुकीच्या ऑर्डर निघायच्या दिवसांत ऑफिसच्या दारात जे ताटकळत उभे राहिलेत त्यांना सांगावं लागणार नाही.

गेल्या मे महिन्यात कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, पेपर तपासायला होते. हॉलमध्ये पंखे फुल्ल, म्हणून प्रत्येकाच्या गठ्ठ्यावर पाण्याची बाटली वजनाला ठेवलेली. पेपर आपलाच, साहित्य आणि चित्रपटाच्या सांस्कृतिक अभ्यासाचा. तिसऱ्या प्रश्नात टिपा होत्या, त्यातली एक 'धुरीणत्व', पाच गुण. पहिल्या उत्तरपत्रिकेत वाक्य आलं, 'ग्राम्शी यांच्या मते धुरीणत्व म्हणजे संमतीने निर्माण केलेले वर्चस्व होय.' बरोबर आहे. दुसरीत तेच वाक्य. तिसरीतही तेच, अगदी 'होय'सकट. विसेक पेपरांनंतर माझं लाल पेन न वाचताच खूण करायला लागलं. मग एके ठिकाणी अडखळले. 'संमतीने'चं 'संगतीने' झालं होतं. पुढच्या उत्तरपत्रिकेतही 'संगतीने'. त्याच्या पुढच्याही. सलग सात बैठक क्रमांक संगतीने निर्माण केलेल्या वर्चस्वाचे निघाले. (वर्चस्व संगतीनंही निर्माण होतं म्हणा, पण ती टीप कुणी मागितली नव्हती.) आदर्श उत्तरपत्रिकेत व्याख्येला दोन गुण होते. मी सातही जणांना दीड-दीड दिला आणि पुढं गेले.

परत येताना एसटीत डोक्यात एकच घोळत होतं. दीड कशाचा दिला?

ग्राम्शी हा इटलीतल्या सार्डिनिया बेटावरचा, गरिबीतून आलेला विचारवंत. मुसोलिनीच्या सरकारनं त्याला १९२६ साली तुरुंगात टाकलं आणि तिथं त्यानं वह्याच्या वह्या भरल्या. कष्टकऱ्याचं हित एकीकडं असतं आणि मन दुसरीकडं वळतं, हे कसं घडतं, हा त्याला पडलेला पेच. आता हा पेच वाळव्या-तासगावच्या पोराला समजावून द्यायला पाहिजे का? ऊसबिल थकलेलं असतं, तरी कारखान्याच्या निवडणुकीत बाप 'आपला गट' म्हणून गुलाल लावून उभा राहतो. त्याला कुणी धमकावलेलं नसतं. तो मनापासून उभा असतो. वर्गात मी एवढंच विचारलं, 'तुमच्या घरात गट कोण ठरवतं?' तर पुढचा अख्खा तास मला बोलायला जागा मिळाली नाही. त्या सात जणांच्या घरातही गट असणारच. त्यांनी तो उत्तरपत्रिकेत आणला नाही, कारण आपण मागितला नव्हता. आपण व्याख्या मागितली होती.

हे पत्र त्यासाठी आहे. हा विषय अभ्यासक्रमात आणल्याबद्दल मी आपली ऋणी आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा. आमच्या वेळी कादंबरी म्हणजे कथानक, व्यक्तिरेखा, वातावरण, भाषाशैली, बस्स. ते चार खण मोडून आपण संस्कृतीचे प्रश्न आत येऊ दिलेत. पण प्रश्नपत्रिका त्या चार खणांचीच राहिली. फक्त खणांवरची नावं बदलली.

चित्रपटाचं तर आणखी अवघड. चार क्रेडिटचा पेपर, म्हणजे साठ तास. त्यात आठ विचारवंत, एक कादंबरी, दोन चित्रपट. चित्रपट नेमलेत, पण ते दाखवायचे कुठं आणि कधी, याबद्दल अभ्यासक्रमपत्रिकेत अवाक्षर नाही. दोन तासांचा चित्रपट दाखवला तर तो माझ्या बिलात तास म्हणून धरला जात नाही, कारण 'त्या वेळी अध्यापन झालेले नाही'. मग पोरं काय करतात? गाईडमध्ये चित्रपटाचं कथानक चार पानांत असतं, ते पाठ करतात. एका उत्तरपत्रिकेत मी वाचलं, 'या चित्रपटाचे छायाचित्रण अत्यंत प्रभावी आहे.' त्या मुलाला मी ओळखत नाही, पण पुढच्याच परिच्छेदात त्यानं नायकाचं नाव चुकवलं होतं. त्यानं चित्रपट पाहिला नसणार. छायाचित्रण मात्र प्रभावी.

आमच्या वर्गात आम्ही शनिवारी दुपारी चित्रपट बघतो. भूगोल विभागाचा प्रोजेक्टर मागून आणतो, खिडक्यांना मुलींच्या हॉस्टेलवरच्या दोन चादरी लावतो. एक चादर फिकट गुलाबी असल्यामुळं पडद्यावर डावीकडं कायम संध्याकाळ असते. अशाच एका शनिवारी नागराज मंजुळे यांचा २०१३ सालचा 'फँड्री' लावला होता. आपण तो पाहिला असेलच, तरी दोन जागांची आठवण करून देते. शाळकरी जब्याच्या कैकाडी कुटुंबाला गावानं डुक्कर धरायला लावलंय, आणि डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी थिजतो, त्याच्यामागं घरचेही. डुक्कर तेवढं मोकळं. पुढं तेच डुक्कर काठीला बांधून नेताना शाळेची भिंत लागते, आणि भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज रंगवलेले. ते सगळे बघतायत आणि खालून ओझं चाललंय. शेवट तर सगळ्यांना ठाऊक आहे. चिडवणाऱ्यांवर जब्या दगड भिरकावतो, दगड थेट कॅमेऱ्याकडं येतो आणि पडदा काळा.

चादरी काढल्या, उजेड आला आणि मी शिकवायला लागले. फ्रेंच विचारवंत अल्थ्युसर सांगितला. राज्यसंस्था नुसत्या पोलिसाच्या दंडुक्यानं चालत नाही, शाळा, धर्म, कुटुंब माणसाला आतून हाक मारतात आणि माणूस आपणहून ताठ उभा राहतो. राष्ट्रगीताच्या त्या प्रसंगाला हे इतकं चपखल बसतं की शिकवताना माझाच आवाज चढला. मग शेवटाकडं आले आणि गाईडमध्ये असतं तेच मीही म्हणाले. दगड प्रेक्षकावर येतो, प्रेक्षक अंतर्मुख होतो.

मागच्या बाकावर एक मुलगी बसते. जतच्या बाजूनं येते, सकाळची पहिली गाडी धरून. दोन महिन्यांत तिच्या तोंडून मी 'हजर मॅडम' याच्या पलीकडं काही ऐकलं नव्हतं. ती उभी राहिली. 'मॅडम, प्रेक्षक म्हंजे कोण?'

'आपण सगळे.'

'मला न्हाई लागला दगड,' ती म्हणाली. 'माझ्या हातातनं गेला.'

आणि बसली.

वर्ग गप्प झाला. मीही. मग खिडकीशी बसणारा एक पोरगा, घरचा बरा, बागायतदार, अंगठ्याचं नख कुरतडत म्हणाला, 'आमच्या घरी हा पिक्चर टीव्हीवर लागलेला. डुक्कर पळतंय तवा मामा हसत होता. मीपण हसलो असंन.' पडद्यावरही गाव जमून हसत असतंच. म्हणजे त्याचा मामा घरी सोफ्यावर बसून त्या पडद्यावरच्या गर्दीत सामील झाला होता. एकाच वर्गात, एकाच शनिवारी, एकानं दगड मारला, एकाला तो लागला, आणि मी, शिकवणारी, मधल्या मध्ये 'आपण सगळे' म्हणून सुटू पाहत होते.

त्यानंतर संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल शिकवायला मला फार वेळ लागला नाही. टीव्हीवरचा संदेश तयार करणारा त्यात अर्थ भरतो, पण बघणारा तो अर्थ तसाच उचलतो असं नाही. कुणी मान्य करतं, कुणी थोडं घेऊन थोडं सोडतं, कुणी उलटं वाचतं. हॉलनं १९७३ साली हे मांडलं. पोरांनी ते त्याच्या आधी दहा मिनिटं स्वतः करून पाहिलं होतं. फळ्यावर मी तीन नावं लिहिली तेव्हा खिडकीतला पोरगा म्हणाला, 'म्हंजे मामा पहिल्या खान्यात.'

त्या मुलीनं हे परीक्षेत लिहिलं. 'फँड्रीच्या शेवटाचे महत्त्व स्पष्ट करा', पंधरा गुण. तिला चार मिळाले. कोणी तपासलं ते मला ठाऊक नाही आणि त्यांच्यावर माझा रागही नाही. मीही 'संगतीने'ला दीड देऊन आले आहे. आदर्श उत्तरपत्रिकेत 'प्रेक्षक अंतर्मुख होतो' हा मुद्दा होता. तिच्या उत्तरात तो नव्हता. हिशेब सरळ आहे.

आता एक आक्षेप माझ्या कानावर नेहमी येतो. आपल्यापैकी काहींनी तो जाहीरपणे मांडलाही आहे, म्हणून त्याबद्दल बोलते. 'ही सगळी पाश्चात्त्य थिअरी. आपल्या मातीत रुजत नाही. खेड्यातल्या मुलांना झेपत नाही.'

झेपण्याचं आधी बघू. संस्कृती अभ्यास म्हटलं की आपण 'ब्रिटिश विचारवंत' एवढं लिहितो आणि पुढं जातो. रेमंड विल्यम्स हा वेल्समधल्या खेड्यातल्या, रेल्वेच्या सिग्नलवर काम करणाऱ्या बापाचा मुलगा. दिवसभर काम करून आलेल्या प्रौढांना तो कित्येक वर्षं संध्याकाळचे वर्ग घेऊन शिकवत होता. संस्कृती ही साधी, रोजची गोष्ट आहे, असं त्यानं १९५८ साली लिहिलं, ते त्या वर्गांचा अनुभव पाठीशी घेऊन. १९६४ साली बर्मिंगहॅमला या अभ्यासाचं केंद्र काढणारा रिचर्ड हॉगर्ट लीड्सच्या कामगारवस्तीतला. पुढं ते केंद्र सांभाळणारा हॉल जमैकाहून आलेला. ही विद्या जिथं जन्मली तिथंही ती वाड्यातल्यांची नव्हती. त्यांच्या विद्यापीठानं २००२ साली तो विभाग बंदही करून टाकला. माझ्या वर्गातल्या पोरांना विल्यम्सच्या बापाचं कळल्यावर त्यांनी त्याला लगेच आपल्यात घेतलं. एकाचा चुलता मिरज जंक्शनला रेल्वेत आहे. तो म्हणाला, 'सिग्नलवाल्याचा पोरगा एवढं लिहितो व्हय.' गाईडमध्ये मात्र विल्यम्सला बाप नाही, गाव नाही. दोन ओळींची व्याख्या आहे आणि खाली 'महत्त्वाचे' म्हणून तारका.

आणि मातीचं म्हणाल तर ही आमची माती जरा उकरून बघा.

१८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं भरणाऱ्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं जोतीराव फुल्यांना आलं. त्यांनी जायचं नाकारलं आणि का नाकारलं ते पत्रानं कळवलं. ते 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं. सार असं, की माणसांचे हक्क जे सगळ्यांना खुल्या मनानं देत नाहीत, त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसणार नाही. पुस्तक कोण लिहितो, कुणाच्या जगण्यावर, कुणाच्या परवानगीनं, आणि त्या पुस्तकाला 'मराठी साहित्य' असं नाव कोण देतो, हे सगळे प्रश्न त्या एका पत्रात आहेत. ग्राम्शी तेव्हा जन्मायचा होता. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलं. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली तेव्हा त्यांनी त्या काळच्या कथा-नाटकांतल्या बायका कशा रंगवल्यात यावरही कोरडे ओढले होते. आम्ही ताराबाई 'स्त्रीवादी साहित्य' या घटकात शिकवतो आणि चित्रपटातली पुरुषी नजर ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्हेच्या १९७५ च्या लेखापासून सुरू करतो. दोघींची गाठ घालून द्यायला आपल्याला एक ओळ पुरली असती.

जवळचंच सांगायचं तर गेल ऑम्व्हेट. अमेरिकेत जन्मलेली बाई, बर्कलेच्या विद्यापीठात १९७३ साली पीएच.डी. केली ती आपल्याकडच्या ब्राह्मणेतर चळवळीवर, आणि प्रबंधाच्या नावातच 'सांस्कृतिक बंड' हे शब्द होते. पुढं त्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावात राहिल्या, २०२१ साली तिथंच गेल्या. जगभरच्या संस्कृती अभ्यासकांनी ज्यांना वाचलं त्या बाई आमच्या मुलांच्या एसटीच्या रस्त्यावर राहत होत्या. वर्गात विचारलं तर तीन हात वर आले. त्यातले दोन कासेगावचेच.

सांगलीचं स्वतःचं एक प्रकरण आहे. ते या पेपरात नाही याचं मला नवल वाटतं. दर ५ नोव्हेंबरला आमच्याकडं रंगभूमी दिन होतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, राजवाड्यात. म्हणून सांगली नाट्यपंढरी. मला त्याचा अभिमान आहे. शाळेत असताना त्या दिवशीच्या मिरवणुकीत मी लेझीम खेळले आहे. पण वर्गात आम्ही एक साधा प्रश्न घेतला. मराठी नाटकाचा जन्मदाखला राजवाड्यातूनच का निघाला? तमाशा त्याच्या आधीपासून उभा होता. मग तो 'लोककला' आणि हे 'रंगभूमी', असं कुणी ठरवलं? फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं, ते पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीनं नाकारलं, त्या काळी रंगमंचावर आलंच नाही. ते तेव्हाच खेळलं गेलं असतं तर मराठी नाटक कुठल्या वाटेनं गेलं असतं?

मग पठ्ठे बापूराव. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, १८६६ चा जन्म, घर कुलकर्ण्यांचं. ते वतन सोडून तमाशाच्या फडात गेले, पवळाबाईंबरोबर उभे राहिले. ब्राह्मण पुरुष आणि महार स्त्री एका बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर. गावानं त्यांचं काय केलं, फडानं काय केलं, आणि आज आपण बापूरावांना 'शाहीर' म्हणून आदरानं घेतो तेव्हा पवळाबाईंना कुठल्या ओळीत बसवतो? मला वाटतं एवढ्या एका प्रश्नावर एक सेमिस्टर काढता येईल. जात, लिंगभाव, कला, पोट, सगळं त्यात आहे. पुस्तक लांबून आणायला नको. कवलापूर सांगलीला लागून आहे. तमाशा कलावंत काळू-बाळूंचं गाव. त्या गावात फडाच्या आठवणी सांगणारी माणसं अजून पारावर भेटतात.

या तमाशावरूनच आमच्यात एकदा चांगलीच जुंपली होती. मल्व्हे वाचून झालेली. कॅमेरा पुरुषाच्या जागी बसतो, बाई बघण्याची वस्तू होते, प्रेक्षक त्या डोळ्यांनी बघतो. आम्ही शांतारामबापूंच्या 'पिंजरा'मधल्या लावण्या त्या नजरेनं पाहिल्या. तमाशाच्या नादी लागून मास्तरांचं काय व्हायचं ते झालं, गावानं त्यांचा पुतळा उभारला, पण पाप कुणाच्या पदरात पडलं? चर्चा छान चालली होती. मग एकजण बोलला, त्याचे आजोबा कवलापूरच्या फडात ढोलकीला होते. म्हणाला, आजोबा सांगायचे, बोर्डावर नाचणारीच पब्लिककडं बघत असते. कोण किती दौलतजादा करणार, म्हणजे पैसे उधळणार, कुणाचा खिसा रिकामा, कोण पिऊन आलाय, हे तिला पहिल्या दोन चरणांत कळतं. सिनेमात ती बघू शकत नाही, कारण समोर पब्लिकच नसतं, नुसता कॅमेरा. मला हे फार आवडलं. मल्व्हेला कवलापुरातून दिलेलं उत्तर, असं मी म्हणूनही टाकलं. लगेच पुढच्या बाकावरची एक मुलगी उसळली. 'मॅडम, बघितलं म्हणून ती सुटली का? खिसा बघती म्हंजे नोकरीच करती की.' दोघंही मागं हटले नाहीत. तास संपला, बाहेर व्हरांड्यातही चालूच होतं. तो वाद मिटलेला नाही आणि मला मिटवायचाही नाही.

'रसिकता मरते' हा दुसरा आक्षेप. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. थिअरीचं गाईड झालं की ती गाईडपेक्षा वाईट. गेल्या वर्षी एकानं सेमिनारमध्ये हरिपाठातही पुरुषी नजर शोधून काढली होती. दुसऱ्या एकीनं अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा' कादंबरीत सरळ चार कप्पे पाडले: जात, वर्ग, लिंग, वसाहतवाद. सगळं बरोबर, आणि कादंबरी कुठंच नाही. मी तिला पुस्तक उघडायला लावलं. राणोजी जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, आणायला निघतो ते पान. म्हटलं, मोठ्यानं वाच. ती अण्णा भाऊंच्या वाटेगावजवळच्याच गावची. वाचताना एका शब्दाशी थांबली आणि म्हणाली, 'ह्यो आमच्या आज्जीचा शब्द हाय.' तिथून पुढं कप्पे आपोआप मागं पडले. का थांबली ते तिला सांगता येईना, आणि तेच सांगायला शिकवणं हा माझ्या मते या पेपरचा खरा अभ्यासक्रम. १९५८ साली मुंबईच्या दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊंनी पृथ्वी शेषाच्या डोक्यावरून काढून कष्टकऱ्यांच्या तळहातावर ठेवली. हीसुद्धा थिअरीच आहे. आपण ती 'परिचय' या मथळ्याखाली छापतो, 'विचारवंत' या मथळ्याखाली नाही.

नोकरीचं, कौशल्यांचं बोलणं मी इथं काढत नाही. ते बोलणारे पुष्कळ आहेत.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्गात वाई तालुक्यातला एक मुलगा आहे, हॉस्टेलला राहतो. मेणवलीचा घाट आपल्याला माहीत आहेच. नाना फडणवीसांचा वाडा, वसईहून आणलेली ती भली मोठी घंटा. तो घाट २००४ च्या 'स्वदेस'मध्ये उत्तर प्रदेशातला चरणपूर झाला. वाई 'दबंग'मध्ये लालगंज झाली, 'गंगाजल'मध्ये बिहार झाली. या मुलाच्या वडलांकडं बैलजोडी होती आणि एका शूटिंगला त्यांनी गाडी भाड्यानं दिली, स्वतःही गर्दीत उभे राहिले. मुलानं त्यांची मुलाखत घेऊन आणली, मोबाईलवर रेकॉर्ड केलेली. त्यात ते सांगतात, 'पटका बांधून गेलतो. तर म्हणले, काका, पटका काढा, गमछा घ्या. म्हटलं, आन बैल? तर म्हणले, बैल चालतील.' वर्ग पोट धरून हसला. मग एकीनं विचारलं, आपलं गाव सगळ्यांचं गाव होतं, मग सिनेमात आपलं गाव कोण होतं? मी फळ्याकडं वळले आणि थोडा वेळ काहीच लिहिलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या गाईडात असेल तर कृपया कळवावं.

हे सगळं लिहिलं ते काही मागायला. मागण्या मोठ्या नाहीत, खर्चिक तर नाहीतच.

प्रश्नपत्रिकेतले निदान निम्मे गुण एखादा उतारा किंवा प्रसंग देऊन त्याच्या वाचनाला द्यावेत. परीक्षेत चित्रपट दाखवता येत नाही हे मला कळतं, पण एखाद्या दृश्याचं दहा ओळींत वर्णन छापता येतं. आदर्श उत्तरपत्रिकेत एका उत्तराऐवजी 'असंही लिहिता येईल, पुरावा पाहावा' एवढी ओळ घालावी. ती नसेल तर कॅपमधला माणूस दुसरं काही करूच शकत नाही. त्याला दिवसाचा कोटा असतो. चित्रपट दाखवण्याचे तास अध्यापनाचे तास म्हणून धरावेत. हे मी स्वतःच्या बिलासाठी म्हणते असं कुणी म्हणेल. म्हणू दे, त्यासाठीही म्हणते. विचारवंत आठाचे चार करावेत आणि त्या चारांत एक फुले असावेत, परिचयात नव्हे, विचारवंतांतच. मूळ लेखांचे मराठी अनुवाद, निदान एकेक प्रकरणाचे, विद्यापीठानं करून घ्यावेत. इंग्रजी मूळ आणि गाईड यांच्यामध्ये आज काहीच नाही, आणि जिथं काही नसतं तिथं गाईडच येतं. क्षेत्रीय प्रकल्पाला आपण क्रेडिट ठेवलेत, पण मुलं तिथं 'वाचनालयाला भेट' लिहून मोकळी होतात. त्यांना मेणवलीला पाठवा, कवलापूरला पाठवा, रेठऱ्याला पाठवा. आणि मंडळाच्या एखाद्या बैठकीला रोज वर्गावर जाणारा एक तासिकावाला बोलवा. मतदानाचा हक्क नको, खुर्ची पुरे.

शेवटी त्या जतच्या मुलीचं. तिनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली, ती आली. पुनर्मूल्यांकनाचा अर्जही भरलाय, निकाल यायचा आहे. त्यात आपण लक्ष घालावं असं मी मुळीच म्हणत नाही, ते काम परीक्षा विभागाचं. पण तिला विचारून त्या उत्तराची प्रत या पत्राला जोडली आहे. पान अकरा. तिथं 'दगड'च्या आधी तिनं एक शब्द लिहून खोडलाय. खोडलेला शब्द 'प्रेक्षक' आहे.

आपली नम्र,
तासिका तत्त्वावरील एक शिक्षिका,
सांगली